केसाएवढी रेघ

माझे अक्षर बारीक आहे असे म्हणणे म्हणजे मुंगीला लहान म्हणण्यासारखे आहे. खोटे नाही, पण त्यातून काही कळत नाही. तांदळाच्या एका दाण्याच्या लांबीत माझी चार अक्षरे, काना-मात्रा-वेलांटीसकट, एकमेकांना धक्का न देता बसतात. ही हौस नव्हे. मी ज्या शब्दकोशाच्या कचेरीत एकतीस वर्षे बसलो आहे, तेथील प्रमुख संपादकांचा एक नियम आहे: एक शब्द, एक चिठ्ठी. शब्द, त्याचे व्याकरण, त्याची व्युत्पत्ती, त्याचे सगळे अर्थ आणि प्रत्येक अर्थाला आधार म्हणून एक उतारा, हे सारे तळहाताएवढ्या, जाड कागदाच्या चिठ्ठीच्या एका बाजूवर मावलेच पाहिजे. मावले नाही तर अर्थ कापा, पण दुसरी चिठ्ठी जोडू नका. जोडलेली चिठ्ठी हरवते, आणि अर्धा शब्द हरवण्यापेक्षा अख्खा हरवलेला बरा, असे त्यांचे मत. या मतामुळे त्यांना आम्ही पाठीमागे ‘कात्री’ म्हणतो. कचेरीतले इतर लोक निमूटपणे अर्थ कापत. मला अर्थ कापवेना, म्हणून मी अक्षर कापले.

परंतु अक्षर लहान करणे हे नुसते बोटांचे काम नाही. रेघ जाड असेल तर लहान अक्षराचे पोट भरून येते. मग ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ दिसत नाही, ‘ब’ आणि ‘व’ सख्खे भाऊ वाटू लागतात, आणि कोशात असल्या नातेसंबंधांना परवानगी नसते. बाजारात मिळणाऱ्या सर्वांत बारीक निबेची रेघसुद्धा माझ्या कामाला नांगराच्या तासासारखी होती. त्यामुळे गेली अठ्ठावीस वर्षे माझ्या निबा दादा घासून देत असे.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वर घर आणि खाली पेनांचे दुकान. पुढच्या बाजूला काचेचे कपाट, त्यात पेने, शाईच्या बाटल्या, वह्या. मागच्या बाजूला, उत्तरेच्या खिडकीखाली, त्याचा बाक. बाकावर कुरुंदाचे तीन दगड, खरखरीत, मऊ आणि त्याहून मऊ. पितळेचा कागदाहून पातळ पत्रा. डोळ्यात धरायचे भिंग. आणि एक जाडजूड वही. निबेच्या अगदी टोकाला कठीण धातूचा एक मणी असतो, मोहरीपुढेही क्षुद्र वाटावा इतका लहान, आणि त्याच्या मधोमध शाई उतरण्याची चीर. कागदाला टेकतो तो हा मणी. रेघ बारीक हवी तर मणी घासून लहान करायचा, एवढेच या धंद्याचे तत्त्व. आणि त्यातली एकमेव अडचण दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकी.

“घासलेलं परत चढवता येत नाही. म्हणून आधी नीट ठरवा, मग माझ्याकडे या.”

गिऱ्हाइकाने ठरवले असे म्हटले, की दादा ती वही पुढे सरकवी. “तीन ओळी लिहा. सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते लिहा.” लोकांना सुभाषिते लिहायची असत, स्वतःची सही ठोकायची असे, तो होऊ देत नसे. चांगले वाक्य लिहायला घेतले की माणूस नटतो, हातही नटतो, असे त्याचे म्हणणे. दात घासले, चहा घेतला, बस चुकली, हे लिहिताना हात आपल्या मूळ वळणावर येतो. लिहिलेले तो कधीच वाचत नसे. पेन किती कलते, बोटे कुठे धरतात, मनगट टेकते की तरंगते, एवढेच तो पाही, आणि त्या कलाप्रमाणे मणी घासी. निब कागदावरून फिरताना तो कान खाली नेऊन ऐके. “निब बोलते,” तो म्हणे. “बरोबर असली की कुजबुजते. चुकली की कुरकुरते. बायकोसारखं नाही हं, ती बरोबर असली तरी कुरकुरते.” हे वाक्य वहिनी शेजारी असतानाच म्हणायचे, असा त्याचा शिरस्ता होता.

मला मात्र त्याने ती वही कधी दिली नाही. “तुझा हात काय बघायचा? पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवून घेतलंय तुझ्याकडून,” असे म्हणून तो मला ‘मुंगळ्या’ अशी हाक मारी आणि कामाला लागे.

त्याच्या हातावर जितका माझा विश्वास होता, तितकाच माझ्या डोळ्यावर त्याचा. एखादे अवघड काम आले, म्हणजे नकाशे काढणारा कोणी किंवा पुस्तकाच्या समासात टिपा लिहिणारी कोणी बाई, तर दादा चाचणीच्या रेघा एका कागदावर ओढून माझ्याकडे पाठवी. मी भिंग लावून पाही आणि कोपऱ्यात लिही: तिसरी डावीकडे फुटते. तो ती पुन्हा घासी. “आमच्या मुंगळ्याला पसंत पडली म्हणजे देवाला पडली,” असे तो गिऱ्हाइकाला सांगत असल्याचे मी स्वतः ऐकले आहे. हे मी प्रौढीने सांगत नाही. पुढे जे झाले त्याचे मूळ या वाक्यात आहे, म्हणून सांगतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी वादात हरत नाही. माझे म्हणणे नेहमी बरोबर असते असे नव्हे. पण माझ्या म्हणण्याला आरंभ, मध्य आणि शेवट असतो, आणि समोरच्याच्या म्हणण्याला बहुधा नुसता मध्य असतो. वहिनीने हे अधिक थोडक्यात मांडले होते. “भावजींशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. फरक इतकाच, की भिंत उलटून बोलत नाही.”

गेल्या वर्षी माझ्या चिठ्ठ्यांवरची रेघ जाड होऊ लागली.

एका दिवसात नव्हे. आधी जोडाक्षरे काळवंडली, मग वेलांट्यांच्या गाठी झाल्या, मग एके सकाळी ‘षड्ज’ हा शब्द लिहिला तो मलाच पुन्हा वाचता येईना. मी या दुखण्याची पद्धतशीर चौकशी केली. पेन कोमट पाण्याने तीनदा धुतले. शाईची नवी बाटली फोडली. खिडकीतून दमट हवा येते काय, म्हणून दोन दिवस खिडकी लावून घाम गाळत बसलो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तो होता तोच निघाला, याचे मला समाधान वाटले. मग उरलेला निष्कर्ष खिशात घालून दादाकडे गेलो.

“दादा, रेघ सुटलीय.”

“सुटली म्हणजे?”

“जाड झालीय. ‘ष’चं पोट भरतंय.”

त्याने निब भिंगाखाली धरली, उजेडाकडे वळवली, पुन्हा धरली. “मणी आहे तसाच आहे. चीर छान मिटलेली आहे. लिहून बघ.” त्याने स्वतःचे चाचणीचे पॅड पुढे केले. मी लिहिले. रेघ केसाएवढी आली.

“ही बघ की,” दादा म्हणाला.

“तुझ्या पॅडचा कागद गुळगुळीत आहे. तो येईल त्या निबेची खुशामत करतो. मला पॅडवर कोश लिहायचा नाहीये. मी माझ्या चिठ्ठीवर लिहिणार.”

मी बरोबर आणलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांतली एक काढून तिच्यावर तेच वाक्य लिहिले. रेघ फुगली. दादाने चिठ्ठी जवळ घेतली, अंगठ्याने चाचपली.

“कागद बदललाय का रे?”

माझ्या आयुष्यात मला विचारल्या गेलेल्या प्रश्नांपैकी हा सर्वांत योग्य प्रश्न होता. त्याला उत्तर देण्याआधी मी एक क्षणही थांबलो नाही.

“तीस वर्षं याच चिठ्ठ्यांवर लिहितोय मी. आकार तोच, पिवळट रंग तोच, उजवा कोपरा कापलेला तोच. रोज चाळीस चिठ्ठ्या हाताखालून जातात माझ्या. कागद बदलला असता तर मला कळलं नसतं? कागद तोच. शाई तीच. माझा हात तोच, डोळे परवाच तपासून आलोय. मग उरलं काय?”

“उरली निब,” दादा म्हणाला.

“आणि निब घासणारा,” मी म्हणालो.

मी हसत म्हणालो होतो. तोही हसला. पण त्याने मऊ दगडावर पाणी घातले आणि खिडकीकडे पाठ करून नव्हे तर तोंड करून बसला. एरवी उजेड त्याच्या पाठीमागून, डाव्या खांद्यावरून येत असे. त्याला अधिक उजेड हवासा वाटला होता.

आठवड्याने मी परत गेलो. रेघ किंचित उतरली होती, पण ‘ष’चे पोट अजून भरतच होते. या वेळी दुकानात एक गिऱ्हाईक उभे होते, कोणी शाळामास्तर असावेत. त्यांच्यासमोर मी म्हणालो, “दादा, पूर्वी तू हे एका बैठकीत करायचास.” हे विधान खरे होते. खरी विधाने कुठे करू नयेत यासंबंधी मी कधी विचार केलेला नव्हता.

मास्तरांनी आपले पेन हळूच खिशात परत घातले. दादाने ते पाहिले.

तिसऱ्या खेपेला त्याने मला समोर बसवून घेतले. दगडावर निब चार वेळा फिरवायची आणि माझ्या चिठ्ठीवर एक रेघ ओढायची. पुन्हा चार, पुन्हा एक. भिंग बाकावर पालथे पडले होते. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही, आज वाटते. एरवी तो दर चार फेऱ्यांनंतर मणी भिंगाखाली पाही. त्या दिवशी तो मण्याकडे पाहत नव्हता, चिठ्ठीकडे पाहत होता. आणि चिठ्ठीवरून नजर उचलून माझ्या चेहऱ्याकडे.

“अजून?”

“अजून जरा.”

“आता?”

“जरासं.”

मग निब बोलली. सुईने काच ओरखडावी तसा एक बारीक आवाज झाला आणि मण्याची डावी बाजू निघून आली. माझ्या डोळ्यांना काही दिसले नाही; दादाला भिंग न लावताच कळले. त्याने पेन खाली ठेवले.

“गेली.”

“जाऊ दे. दुसरी घास.”

“नाही.”

त्याने उजवा हात पुढे धरून पाहिला, वरून आणि मग तळव्याकडून; वर्षानुवर्षे ओळखीच्या माणसाला खोटे बोलताना पकडल्यावर त्याच्याकडे पाहावे, तसे. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एक निब फुटली नव्हती. मला त्याचे सांत्वन करायचे होते, आणि सांत्वनाच्या वेळी माणसे जे बोलतात ते आधीच ठरलेले असते, म्हणून मी म्हणालो, “साठी उलटली की व्हायचंच, दादा. मनाला लावून घेऊ नकोस.”

त्याने लावून घेतले. महिन्याच्या आत दुकानाच्या काचेवरची ‘निब घासून मिळेल’ ही पाटी उतरली. जुनी गिऱ्हाइके येत, त्यांना तो सांगे, “हात गेला हो,” आणि तयार पेने दाखवी. बाकावर वह्यांचे गठ्ठे येऊन बसले. मी टेबलाच्या खणातून माझे पहिले पेन काढले, ज्याची निब दादाने अगदी सुरुवातीला घासली होती. ती इतक्या वर्षांच्या वापराने झिजली असणार, म्हणून रेघ जाड येते, असा खुलासा मी स्वतःला दिला, आणि आयुष्यात प्रथम अर्थ कापू लागलो. कात्रींनी एक दिवस माझी चिठ्ठी पाहून मान डोलावली. “सुधारलात,” ते म्हणाले.

चार महिन्यांनी, एका दुपारी, एका जुन्या संदर्भग्रंथात मला माझीच एक कोरी चिठ्ठी सापडली. कधी काळी खूण म्हणून घालून ठेवलेली. हाताशी दुसरी नव्हती, म्हणून तिच्यावरच लिहायला घेतले. पहिल्या शब्दाला हात थांबला. रेघ केसाएवढी होती. ‘ष’चे पोट स्वच्छ, आतली तिरकी रेघ सुटी, वेलांटीच्या टोकाला फुटलेला धागा नाही. मी झिजलेले ठरवलेले तेच पेन, तीच शाई, तोच माझा हात. मी उठून कपाटातली नवी चिठ्ठी आणली आणि तिच्यावर तोच शब्द लिहिला. रेघ फुगली. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या: रंग तोच, आकार तोच, कोपरा तोच. ओले बोट टेकवले. जुन्या चिठ्ठीवर थेंब थेंबासारखा राहिला. नव्या चिठ्ठीने तो तत्काळ पिऊन टाकला.

मी सामानखात्यात गेलो. तिथल्या कारकुनाने चहाचा कप खाली ठेवला.

“चिठ्ठ्यांचा कागद बदलला का?”

“बदलला की. झालं वर्ष. जुनी गिरणी बंद पडली ना. पण रंग बघा, कोपरा बघा, सगळं हुबेहूब मिळवून घेतलं, आणि नव्या चिठ्ठ्या जुन्या गठ्ठ्यांत थोड्या थोड्या मिसळत गेलो. खास तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“म्हणजे तुम्हाला कळू नये म्हणून.” तो मनमोकळेपणाने हसला. “आम्ही आपले घाबरून होतो, साहेब. म्हटलं, त्यांना कळलं तर अर्जावर अर्ज, तीन पानी. पण महिना गेला, दोन गेले, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तेव्हा म्हटलं, जमलं बुवा. त्यांनासुद्धा कळलं नाही म्हणजे कागद फर्स्टक्लास.”

त्या संध्याकाळी मी दादाकडे जायला हवे होते. कचेरीपासून त्याचे दुकान चालत वीस मिनिटांवर आहे. मी घरी गेलो आणि पत्र लिहायला बसलो.

समोरासमोर हे नीट मांडता येणार नाही, लेखी सांगितले तर मुद्दा सुटणार नाही, असे मी मनाशी ठरवले. आणि हा युक्तिवाददेखील चांगला होता, त्याला आरंभ, मध्य, शेवट होता. पहिल्या मसुद्यात मी कागदाच्या शोषणशक्तीचे विवेचन केले. दुसऱ्यात गिरणी बंद पडल्याची हकीकत घातली आणि कारकुनाच्या लबाडीला एक परिच्छेद दिला. तिसऱ्यात ‘आपल्या दोघांचाही गैरसमज झाला’ असे वाक्य आले. ते वाचताना माझे मलाच जाणवले, की दादाचा कसलाच गैरसमज झालेला नव्हता, त्याने तर विचारले होते. चौथ्या मसुद्यात भाषा सुरेख साधली. इतकी, की त्यात चूक कोणाची हे कुठेच सापडत नव्हते. या उद्योगात अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी चारही मसुदे फाडले आणि दोन चिठ्ठ्या खिशात घालून निघालो.

दुकानात वहिनी काच पुसत होती. दादा पुढच्या गल्ल्याशी स्टुलावर बसला होता, मागे खिडकीखाली वह्यांचे गठ्ठे.

“या भावजी. बऱ्याच दिवसांनी वाट चुकलात.”

“दादाकडे काम होतं.”

“त्यांच्याकडे आता काय काम? पेन्सिली हव्यात का, शार्पनर फुकट देतोय आम्ही,” ती म्हणाली. दादा हसला नाही, म्हणून तीही पुढे बोलली नाही.

मी दोन्ही चिठ्ठ्या काचेवर ठेवल्या. “एकाच पेनाने लिहिलंय. एकाच शाईने. ही जुनी चिठ्ठी. ही नवी.”

दादाने खणातून भिंग काढले. ते अजून जवळ होते तर. त्याने जुनी चिठ्ठी पाहिली, मग नवी, मग पुन्हा जुनी. वहिनीचे फडके काचेवर एकाच जागी थांबलेले होते.

“कागद,” तो म्हणाला.

“कागद. वर्षापूर्वी बदलला. मला कळलं नाही.”

“म्हणजे निब बरोबर होती.”

“हो.”

“पहिल्यांदा आणलीस तेव्हाही.”

“पहिल्यांदाही. कधीच बिघडली नव्हती. तू विचारलं होतंस मला, दादा, कागद बदललाय का म्हणून. मी—”

“आठवतंय.”

वहिनीने फडके खाली ठेवले. ती मोठ्याने बोलली नाही. “चार महिने, भावजी. चार महिने हे जेवताना चमचा धरलेल्या हाताकडे बघतायत. चहाचा कप उचलायच्या आधी हाताकडे बघतात, ठेवल्यावर बघतात. मी विचारलं की म्हणतात, काही नाही, सांडत नाही ना ते बघतो.”

“तू जरा थांब,” दादा तिला म्हणाला.

“नाही थांबत. तुमच्या भावाला बोलता येतं ना एवढं? मग तेव्हा दोन शब्द तोंडात ठेवले असते तर काय बिघडलं असतं?”

मी वादात हरलो. माझ्याशी वाद घालणाऱ्या माणसाला एरवी कधी पाहायला मिळाले नसते, असे दृश्य होते ते. पण तिने त्याचा आनंद घेतला नाही, आत निघून गेली.

“दादा, उद्यापासून पाटी लाव,” मी म्हणालो. “मी सगळ्यांना सांगतो. त्या मास्तरांना शोधून काढतो. बाक मोकळा करू, मी उचलतो गठ्ठे.”

“दगड दिले.”

“कोणाला?”

“पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजीला. कधीपासून मागत होता. म्हटलं, पडून राहण्यापेक्षा त्याच्या तरी उपयोगी पडतील.”

“कधी दिलेस?”

“मागच्या मंगळवारी.”

मी मनात मोजले. मागच्या मंगळवारी माझा तिसरा मसुदा चालू होता.

“मी आत्ता जाऊन परत आणतो. घड्याळजी माझ्या ओळखीचा आहे.”

“आणशील. तू वाद घातलास तर तो दुकानसुद्धा देईल.” आता मात्र तो थोडा हसला. मग त्याने उजवा हात काचेवर, दोन चिठ्ठ्यांच्या वर, अधांतरी धरला. काचेत त्याची सावली पडली, आणि ती सावली हलत होती.

“तेव्हा हा कापत नव्हता,” तो म्हणाला. “ती निब फुटली त्या दिवशीसुद्धा नाही. आधी मी नुसता बघत होतो, कापतोय का म्हणून. रोज बघायचो. मग एक दिवस कापायला लागला.”

“दादा, माझ्यामुळे—”

“तुझ्यामुळे कसं? मी भिंगातून बघितलं होतं की. पहिल्याच दिवशी. मणी बरोबर होता, मला माझ्या डोळ्याला दिसत होता. तरी दगडावर धरला. तू म्हणालास म्हणून.” त्याने नवी चिठ्ठी बोटाने माझ्याकडे सरकवली. “तू चुकलास ते कागद ओळखण्यात. माणूस चुकतो. मी बघितलेलं खोटं मानलं. ते नुसतं चुकणं नाही.”

त्याने मला दोष दिला असता तर मी काहीतरी बोललो असतो. वाद घालायला निदान जागा असती. त्याने तीही ठेवली नाही.

आतून कपांचा आवाज आला. दादाने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि दुकानदाराच्या स्वरात विचारले, “बरं, आता लिहितोस कशाने?”

“त्याच जुन्या पेनाने. पण या चिठ्ठ्यांवर काय लिहिणार? अर्थ कापतो.”

“हा कागद पाण्यासारखी शाई पिणार. त्याच्यावर केसाएवढी रेघ कोणाच्याच बापाला काढता येणार नाही. एखादी तयार निब घे, जरा कोरडी चालणारी. आणि अक्षर जरा मोठं काढ.”

“मग शब्द एका चिठ्ठीवर मावणार नाही.”

“नाही मावणार,” दादा म्हणाला.

त्याने खाली वाकून खण उघडला आणि ती वही वर काढली. तिच्या पुठ्ठ्यावर दगडाच्या पाण्याचे जुने, वाळलेले डाग होते. त्याने एक कोरे पान शोधले, काचेवर ठेवले, माझ्याकडे वळवले आणि कपाटातले एक साधे पेन टोपण काढून माझ्या हातात दिले. त्याची बोटे माझ्या बोटांना लागली तेव्हा मला ते कापणे जाणवले. फार नाही, बारीकसे.

“लिही तीन ओळी.”

“माझा हात तुला माहीत आहे.”

“होता माहीत. लिही. सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते.”

मी लिहू लागलो. सकाळी उठलो. चहा घेतला. रेघ जाड होती, दोरीसारखी, आणि अक्षर मोठे काढावे लागत असल्यामुळे ओळ संपत चालली होती. तिसरी ओळ सुरू करण्यापूर्वी मी थांबलो. मग लिहिले: दादाला सांगायला आलो, की निब बरोबर होती, मी चुकलो, आणि अकरा दिवस उशिरा आलो.

त्या चार मसुद्यांत जे साधले नव्हते ते एका ओळीत बसले, तेही या भोपळ्याएवढ्या अक्षरात. मी मान वर केली. दादा वाचत नव्हता. त्याने गिऱ्हाइकांचे लिहिलेले कधीच वाचले नव्हते. तो डोके किंचित कलते ठेवून माझ्या हाताकडे पाहत होता आणि निबेचा आवाज ऐकत होता.

“पेन उभं धरायला लागलास हल्ली,” तो म्हणाला, आणि वही मिटून खाली खणात ठेवून दिली.